रामशास्त्र्यांच्या निवाड्यानंतर काय झालं? माजी सत्ताधाऱ्यांवरचे खटले आणि १९७७ ची गोष्ट

हा आपल्या या आठवड्याच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना झालेले अडखळे आणि मध्येच वाजलेली डोअरबेल काढून टाकली आहे, बाकी जसंच्या तसं.

सुरुवात आपल्या सगळ्यांना पाठ असलेल्या गोष्टीनं करू. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा. जेमतेम अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. ‘ध’ चा ‘मा’ आणि ‘काका, मला वाचवा’ यात दंतकथा किती आणि इतिहास किती, यावर वेगळा एपिसोड होईल. पण एक गोष्ट पक्की आहे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, खुद्द गादीवर बसलेल्या राघोबादादांना दोषी धरलं आणि पद सोडून ते पुण्याबाहेर पडले.

शाळेत धडा इथंच संपतो. आपण टाळ्या वाजवतो आणि पुढच्या धड्याकडे जातो.

पण पुढे काय झालं? राघोबादादांना शिक्षा झाली का? नाही. बारभाईंनी कारस्थान करून त्यांना गादीवरून खाली खेचलं, पण खटला वगैरे काही चालला नाही. ते इंग्रजांकडे गेले. १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला आणि त्यातून पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. १७८२ च्या सालबाईच्या तहात त्यांना तनखा ठरवून देण्यात आला. १७८३ मध्ये कोपरगावला ते वारले. आणि १७९६ मध्ये त्यांचाच मुलगा, दुसरा बाजीराव, पेशवा झाला. कठोर शिक्षा झाल्या त्या हाताला लागलेल्या गारद्यांना आणि साथीदारांना.

म्हणजे निवाडा झाला, अंमल झाला नाही. ज्यांच्या हातात तलवार होती ते मेले, आणि ज्याच्याकडे बोट दाखवलं होतं त्याला पेन्शन मिळाली.

आजचा प्रश्न याच जागेवरचा आहे. सत्तेवर असताना ज्यानं गैरकारभार केला, त्याच्यावर सत्ता गेल्यानंतर खटला चालवावा का? ‘हो, चालवायलाच पाहिजे’ हे आपलं पहिलं उत्तर असतं. माझंही तेच होतं. पण आपल्या देशानं हा प्रयोग एकदा मोठ्या प्रमाणावर करून पाहिलाय आणि तो फसलाय. तो का फसला, हे कळल्याशिवाय ‘हो’ म्हणण्यात फारसा अर्थ नाही.

आधी, नेमकं काय घडलं होतं?

१२ जून १९७५. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधींची रायबरेलीची निवडणूक रद्द ठरवली. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला हे कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी, सही होऊन गेल्यावर.

आता एक गोष्ट सांगतो, जी मला हा भाग करायला घेईपर्यंत माहीत नव्हती. ऑगस्ट १९७५ मध्ये राज्यसभेत एक घटनादुरुस्ती विधेयक मंजूर झालं. त्यात काय होतं? तर राष्ट्रपती, पंतप्रधान किंवा राज्यपाल राहिलेल्या माणसावर, पदावर असताना किंवा त्याआधी केलेल्या कुठल्याही कृत्याबद्दल, फौजदारी खटला भरता येणार नाही. कधीच नाही. पद गेल्यावरसुद्धा नाही. पुढे लोकसभेत ते विधेयक मंजूर झालंच नाही, म्हणून तो कायदा झाला नाही. पण विचार करा, विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात आहेत, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर आहे, आणि त्या वेळी सत्तेला कशाची काळजी वाटतेय? उद्याच्या खटल्याची. आजचा आपला प्रश्न तेव्हा सत्तेच्याही डोक्यात होता.

त्या एकवीस महिन्यांचा हिशेब नंतर शहा आयोगानं मांडला. ‘मिसा’ कायद्याखाली ३४,९८८ माणसं स्थानबद्ध, भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ जणांना अटक. १९७६-७७ या एका वर्षात ८१ लाखांच्या वर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आदल्या वर्षी हा आकडा २६ लाखांच्या आसपास होता. नसबंदीशी संबंधित १,७७४ मृत्यूंच्या तक्रारींची नोंद झाली.

आणि हे सगळं ‘तिकडे उत्तरेत’ घडलं असं समजू नका. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर करणारं विधिमंडळ आपलं होतं. १९७६ मध्ये महाराष्ट्रानं तीन मुलं झालेल्यांसाठी नसबंदी बंधनकारक करणारं विधेयक पास करून राष्ट्रपतींकडे पाठवलं होतं. त्याला संमती मिळाली नाही, म्हणून आपण वाचलो.

मुद्दा हा की, तक्रार खोटी नव्हती. माणसं तुरुंगात गेली होती, घरं पाडली गेली होती, काही जण शस्त्रक्रियेनंतर घरी परतलेच नव्हते. यांना उत्तर देणं कुणाचं तरी काम होतं.

३ ऑक्टोबर १९७७, एका मोरीवर

मार्च १९७७ मध्ये काँग्रेस हरली. इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीत राजनारायण यांच्याकडून हरल्या. मोरारजी देसाई पंतप्रधान झाले, चरणसिंह गृहमंत्री. चरणसिंहांना न्यूरेंबर्गसारखा मोठा खटला हवा होता. मोरारजींचं म्हणणं होतं, कायद्याला त्याच्या गतीनं जाऊ द्या. एकाच सरकारात दोन तोंडं.

३ ऑक्टोबरला सीबीआयचे अधिकारी इंदिरा गांधींच्या दारात पोहोचले. आरोप काय? आणीबाणी नाही. स्थानबद्धता नाही. नसबंदी नाही. आरोप होते निवडणूक प्रचारासाठी जीपगाड्या मिळवताना केलेल्या गैरवापराचे, आणि ओएनजीसीच्या एका कंत्राटात फ्रेंच कंपनीला झुकतं माप दिल्याचे.

त्यांनी वेळ काढला, पत्रकार जमू दिले आणि ‘मला बेड्या घाला’ असा आग्रह धरला. मग गाड्यांचा ताफा निघाला हरियाणातल्या बडखलकडे. वाटेत रेल्वेचं फाटक बंद. त्या गाडीतून उतरल्या आणि रस्त्याकडेच्या मोरीवर जाऊन बसल्या. वकिलांनी विचारलं, दिल्लीबाहेर नेण्याचा आदेश आहे का? नव्हता. ताफा परत फिरला. दुसऱ्या दिवशी दंडाधिकाऱ्यांनी त्यांना बिनशर्त सोडून दिलं, कारण कोठडीत ठेवावं असं काही सरकारला समोर मांडताच आलं नाही.

एका दिवसात आरोपी बाई पीडित झाल्या. ऑगस्टमध्ये त्या बेलछीला हत्तीवरून जाऊन आल्या होत्या, तिथं दलितांचं हत्याकांड झालं होतं. लोकांच्या मनात चित्र बदलायला लागलंच होतं. या अटकेनं ते पूर्ण बदललं.

चूक कुठे झाली बघा. जे मोठं आणि खरं होतं, त्याचा खटला बांधायला वेळ लागतो, कागद लागतात, साक्षीदार लागतात. सरकारला घाई होती. म्हणून जे पटकन हाताला लागलं ते उचललं.

शहा आयोग: उत्तम चौकशी, पण दात नाहीत

दुसऱ्या बाजूला एक गंभीर काम चालू होतं. २८ मे १९७७ ला माजी सरन्यायाधीश जे. सी. शहा यांचा आयोग नेमला गेला. पतियाळा हाउसमध्ये उघड सुनावण्या झाल्या. हजारो तक्रारी आल्या. अधिकाऱ्यांना समोर उभं करून विचारलं गेलं, ही सही तुमची का, हा आदेश कुणी दिला, लेखी होता की तोंडी?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सिस्टिम बसली की नंतर आम्ही आरसीए लिहितो. काय झालं, कधी झालं, कुठली तपासणी चुकली. शहा आयोगाचे तीन अहवाल वाचताना मला सतत तेच आठवत होतं. ‘रोखायला हवं होतं अशा प्रत्येक पायरीवर माणूस होता, आणि त्यानं सही केली’ हे इतकं बारकाईनं दुसरीकडे क्वचितच मांडलं गेलं असेल. आयोगाचा निष्कर्ष स्पष्ट होता. आणीबाणी लावावी अशी परिस्थिती असल्याचा पुरावा नव्हता, आणि निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता झाला होता.

पण चौकशी आयोग म्हणजे न्यायालय नव्हे. आयोग सांगू शकतो, शिक्षा देऊ शकत नाही. जानेवारी १९७८ मध्ये इंदिरा गांधी आयोगासमोर आल्या आणि शपथेवर बोलायला त्यांनी नकार दिला. म्हणाल्या, मंत्रिपदाच्या गोपनीयतेच्या शपथेनं मी बांधलेली आहे. त्याबद्दल त्यांच्यावर खटला भरला गेला, आणि तोही पुढे उच्च न्यायालयात टिकला नाही. तोपर्यंत रोजच्या सुनावण्यांच्या बातम्या वाचून लोक कंटाळले होते. डाळ-तेलाचे भाव आणि जनता पक्षातली भांडणं त्यांना जास्त जवळची होती.

सभागृहच न्यायाधीश झालं तर?

नोव्हेंबर १९७८. चिकमंगळूरच्या पोटनिवडणुकीत इंदिरा गांधी सत्तर हजारांहून जास्त मतांनी जिंकल्या. आता त्या खासदार. मग लोकसभेनं काय केलं? मारुती प्रकरणात संसदेच्या प्रश्नासाठी माहिती गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यांना त्यांनी त्रास दिला, असा ठपका ठेवून १९ डिसेंबरला त्यांची खासदारकी काढून घेतली आणि अधिवेशन संपेपर्यंत तुरुंगात पाठवलं. आठवडाभर तिहार.

आता आरोप खरा मानला, तरी शिक्षा कुणी दिली? सभागृहात ज्यांचं बहुमत त्यांनी. म्हणजे फिर्यादी तेच, पंच तेच, न्यायाधीशही तेच. दुसऱ्याच दिवशी दोन तरुणांनी खेळण्यातली हत्यारं दाखवून इंडियन एअरलाइन्सचं विमान पळवलं, मागणी होती त्यांच्या सुटकेची. हे दोघे पुढे काँग्रेसच्या तिकिटावर उत्तर प्रदेशात आमदार झाले. आणि १९८१ मध्ये नव्या लोकसभेनं जुन्या लोकसभेचा तो ठराव रद्द करून टाकला. बहुमतानं दिलेली शिक्षा बहुमतानंच पुसली गेली.

रस्ता सापडला, पण वेळ संपली होती

बरोबर वाट कुठली होती हे सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं. अशा खटल्यांसाठी विशेष न्यायालयं नेमता येतील का, असा प्रश्न राष्ट्रपतींनी विचारला होता. डिसेंबर १९७८ मध्ये न्यायालयाचं मत आलं. सरन्यायाधीश होते पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. मत थोडक्यात असं: हो, करता येईल, मोठ्या पदावरच्या माणसाचा खटला लवकर निकाली निघणं लोकशाहीच्या हिताचंच आहे. पण न्यायाधीश सरकारच्या मर्जीतला नको, आणि आरोपीला निष्पक्ष खटला मिळाला पाहिजे.

यात एक बोच आहे. एप्रिल १९७६ मध्ये, आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला न्यायालयात दाद मागता येणार नाही असा निकाल देणाऱ्या चार न्यायमूर्तींत हेच चंद्रचूड होते. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले, आणि पुढे ज्येष्ठ असूनही सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्याला मिळालं. २०१७ मध्ये तो निकाल सर्वोच्च न्यायालयानं चुकीचा ठरवला, तेव्हा मुख्य निकालपत्र लिहिणारे होते धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव.

विशेष न्यायालयांचा कायदा झाला मे १९७९ मध्ये. सरकार पडलं जुलैत! गंमत अशी, की चरणसिंह पंतप्रधान झाले ते इंदिरा गांधींच्या पाठिंब्यावर. महिन्याभरात तो पाठिंबा गेला, लोकसभेला एकदाही सामोरं न जाता त्यांनी राजीनामा दिला. खटले मागे घ्यावेत असा दबाव होता, तो आपण मानला नाही, असं ते सांगत. जानेवारी १९८० मध्ये काँग्रेसला ३५३ जागा मिळाल्या. खटले विरले. १९८२ मध्ये तो कायदाच रद्द झाला.

शेवटापर्यंत, म्हणजे निकालापर्यंत पोहोचलेला ठळक खटला कुठला? ‘किस्सा कुर्सी का’ या सिनेमाच्या प्रिंट नष्ट केल्याचा. संजय गांधी आणि विद्याचरण शुक्ल यांना फेब्रुवारी १९७९ मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली. एप्रिल १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघांना निर्दोष सोडलं. साक्षीदारांवर दबाव येतोय म्हणून याच प्रकरणात मधल्या काळात सर्वोच्च न्यायालयानं संजय गांधींचा जामीनही रद्द केला होता. एक लाख माणसं कोंडली गेली, आणि खटला उभा राहिला तो एका सिनेमाच्या रिळांवर.

‘लोकांनी हरवलं ना, मग कोर्ट कशाला?’

हा युक्तिवाद तुम्ही ऐकला असेल, आणि तो अगदीच पोकळ नाही. अमेरिकेत ८ सप्टेंबर १९७४ ला अध्यक्ष फोर्ड यांनी निक्सनना माफी दिली ती याच विचारानं, की देशानं पुढे जावं. प्रत्येक सरकार मागच्या सरकारला तुरुंगात टाकायला लागलं, तर कुणी खुर्ची सोडणारच नाही. १९७५ चं ते विधेयक आठवा. भीती वाटली की माणूस दारं बंद करून घेतो.

पण निवडणुकीलाच निकाल मानलं, तर १९८० च्या निकालाचं काय करायचं? १९७७ मध्ये गुन्हा होता आणि तीन वर्षांत तो नाहीसा झाला? मतदार एवढंच ठरवतो की पुढची पाच वर्षं कारभार कुणी करायचा. तुमच्या काकाला एकोणीस महिने विनाचौकशी कुणी डांबलं, हे तो ठरवत नाही. त्याला ते ठरवायला सांगणं हा त्याच्यावरही अन्याय आहे.

दक्षिण कोरियाकडे बघा. १९८० मध्ये ग्वांगजूत लष्करानं नागरिकांवर गोळ्या झाडल्या. त्यामागचे चुन दू-ह्वान पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांच्यानंतर त्यांचेच साथीदार रोह ते-वू. १९९५ च्या उन्हाळ्यात सरकारी वकिलांनी चक्क सांगितलं, यशस्वी झालेल्या बंडाला शिक्षा करता येत नाही. लोक रस्त्यावर आले. त्याच वर्षी रोह यांचा गुप्त पैसा उघडकीला आला, खास कायदा झाला, आणि १९९६ मध्ये नेहमीच्या न्यायालयांत दोघे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. चुन यांना आधी फाशी, अपिलात जन्मठेप. आणि डिसेंबर १९९७ मध्ये माफी. त्या माफीला संमती देणाऱ्यांत नुकतेच निवडून आलेले किम दे-जुंग होते, ज्यांना चुन यांच्या राजवटीत फाशीची शिक्षा सुनावली गेली होती.

मग फरक काय पडला, सुटलेच ना? फरक क्रमाचा आहे. आधी गुन्हा सिद्ध, मग माफी. चुन २०२१ मध्ये वारले, ग्वांगजूची माफी न मागता. पण ते दोषी होते की नव्हते, हा वाद न्यायालयात उरला नव्हता. आपल्याकडे तो वाद आजही प्रत्येक २५ जूनला व्हॉट्सअॅपवर नव्यानं सुरू होतो, आणि कोण कुठल्या पक्षाचा आहे यावर उत्तर ठरतं.

मग माझं मत काय?

खटला चालवावा. पण तीन गोष्टी सांभाळून. जो गुन्हा खरोखर घडला त्याचाच चालवावा, हाताला लागला त्याचा नव्हे. सरकारनं पुरावे द्यावेत आणि बाजूला व्हावं. गृहमंत्र्याला सूड हवा असेल तर निकाल काहीही लागो, लोक त्याला सूडच म्हणणार. आणि यंत्रणा नेता पडण्याआधी तयार असली पाहिजे. तो पडल्यावर कायदा लिहायला बसलात, तर कायदा येईपर्यंत तो परत आलेला असतो.

एक काम मात्र त्या लोकांनी पक्कं करून ठेवलं, आणि त्याचं श्रेय त्यांना क्वचितच मिळतं. ४४ वी घटनादुरुस्ती. ‘अंतर्गत अशांतता’ हे आणीबाणीचं कारण काढून तिथं ‘सशस्त्र बंड’ आलं. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय असल्याशिवाय राष्ट्रपतींना घोषणा करता येत नाही. आणि जगण्याचा, व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आता आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. माणसाला शिक्षा झाली नाही, पण ज्या दारातून तो आत शिरला ते दार बुजवलं गेलं.

शहा आयोगाच्या अहवालाच्या प्रती १९८० नंतर मिळेनाशा झाल्या होत्या. माजी खासदार इरा सेझियन यांनी जपून ठेवलेली प्रत २०१० मध्ये पुस्तकरूपात आणली, म्हणून आज तुम्ही-मी तो वाचू शकतो. त्यात इंदिरा गांधींची पानं आहेतच, पण मला जास्त वेळ थांबवलं ते नसबंदीच्या तक्रारींनी. त्या १,७७४ मृत्यूंची नोंद आहे. तिच्यापुढे ‘शिक्षा’ असा रकाना नाही.

रामशास्त्र्यांची गोष्ट आपण निवाड्यापाशी थांबवतो, कारण तिथं थांबलं की बरं वाटतं. पुढच्या वेळी कुणी ती सांगितली, तर एवढंच विचारा: मग पुढे काय झालं?

तुमच्या घरात ‘मिसा’मध्ये आत गेलेलं, किंवा त्या शिबिरांच्या रांगेत उभं राहिलेलं कुणी असेल, तर या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू करा. आता त्यांची वयं सत्तरी-ऐंशीची आहेत. न्यायालयात त्यांची साक्ष झाली नाही, निदान घरात तरी होऊ द्या.

भेटू पुढच्या भागात.